कुरवंजीचा भूगोल

वीसएक वर्षांपूर्वी तंजावरला एक लहानसे ब्रिटिश चित्रपथक आले होते. कॅमेरा धरणारा एक, आवाज टिपणारा एक, दिग्दर्शिका, आणि मद्रासहून त्यांच्याबरोबर आलेला ड्रायव्हर. त्यांना मोठ्या देवळातला मराठी शिलालेख वाचून दाखवणारा माणूस हवा होता आणि कुणीतरी माझे नाव सांगितले. मी सकाळी आंघोळ करून, धुतलेले वेष्टी नेसून, सात वाजता देवळात हजर झालो.

बृहदीश्वराच्या आवारात नैर्ऋत्य कोपऱ्याकडच्या भिंतीवर तो लेख आहे. सरफोजीराजांनी १८०३ साली कोरवून घेतलेला भोसले वंशाचा इतिहास. मराठीतल्या सर्वांत मोठ्या शिलालेखांत त्याची गणना होते. मी पहिल्या ओळीपासून वाचायला लागलो. पाचेक मिनिटांनी दिग्दर्शिकेने हात वर केला आणि अजून किती आहे असे विचारले. मी म्हटले, आज संध्याकाळपर्यंत, आणि मग उद्या पुन्हा. ती मनापासून हसली. मग म्हणाली, एकच ओळ वाचा, कानाला छान लागेल अशी. मी वाचली. ड्रायव्हर मागे उभा होता, तो हळूच म्हणाला, "सार, याच्यासाठी तुम्हाला एवढ्या सकाळी उठवलं?"

काही महिन्यांनी तबकडी आली. माझा हात भिंतीवरून फिरताना तीन सेकंद दिसतो. वर नादस्वरम वाजत असते आणि इंग्रजी निवेदन चालू असते राजराज चोळाबद्दल. माझा आवाज नाही. त्या पथकाचे नाव मी सांगत नाही. माणसे सज्जन होती, मानधन वेळेवर दिले, आणि देऊळ राजराजानेच बांधले आहे, १०१० साली, आमच्या भोसल्यांनी नव्हे. तरीही ते तीन सेकंद माझ्या मनात राहिले. त्यानंतर मी ब्रिटिश टेलिव्हिजनकडे जरा वैर धरून, आणि मग हळूहळू प्रेमाने, पाहायला लागलो. लंडनला असलेली पुतणी डिस्क पाठवत राही. निवृत्त माणसाला वेळ असतो.

पाहता पाहता पहिले लक्षात आले ते हे की आपण 'माहितीपट' आणि 'नाटक' अशी दोन कपाटे करतो, तशी ती त्या लोकांनी कधी नीट बंद ठेवलीच नाहीत. पीटर वॉटकिन्सचा 'कलोडेन' घ्या. बीबीसीने तो डिसेंबर १९६४ मध्ये दाखवला. विषय १७४६ ची स्कॉटलंडमधली लढाई. पण चित्रण असे की जणू टेलिव्हिजनचा वार्ताहर त्या रणांगणावर उभा आहे. तो सैनिकाला विचारतो, तू का लढतोस, तुला काय मिळते. कामे करणारी माणसे नटही नव्हती. त्याच वॉटकिन्सने पुढच्या वर्षी अणुबॉम्ब ब्रिटनवर पडला तर काय होईल यावर 'द वॉर गेम' केला. बीबीसी इतकी घाबरली की तो १९८५ पर्यंत टेलिव्हिजनवर दाखवलाच नाही. मधल्या काळात त्याला माहितीपटाचे ऑस्कर मिळाले, आणि त्यात घडलेली एकही गोष्ट खरी घडलेली नव्हती. १९६६ च्या नोव्हेंबरात केन लोचचे 'कॅथी कम होम' आले. घर गमावलेल्या एका तरुण कुटुंबाची कथा, लिहिली जेरेमी सँडफर्डने. ती होती 'वेन्सडे प्ले' या नाटकांच्या मालिकेत, पण रस्त्यावर, हातात धरलेल्या कॅमेऱ्याने टिपलेली, मध्येमध्ये आकडे सांगणारी. एक कोटी वीस लाखांच्या आसपास लोकांनी ते पाहिले असे म्हणतात. अनेकांना ती बातमीच वाटली.

आणि दुसऱ्या टोकाला मोठमोठ्या मालिका. केनेथ क्लार्कची 'सिव्हिलायझेशन' १९६९ ची, तेरा भागांची. डेव्हिड ॲटनबरोंची 'लाइफ ऑन अर्थ' १९७९ ची, तीही तेरा भागांची. थेम्स टेलिव्हिजनची 'द वर्ल्ड ॲट वॉर' १९७३ ची, सव्वीस भागांची. क्लार्कसाहेबांची संस्कृती युरोपच्या बाहेर फारशी पडत नाही, हे मला आधी खटकले. मग त्यांनीच मालिकेला 'एक वैयक्तिक दृष्टिकोन' असे उपनाव दिले आहे हे पाहून राग निवळला. आपल्या घरापुरते बोलतो म्हणणाऱ्या माणसाशी भांडता येत नाही.

हिंदुस्थानवरच्या नाटकांत ग्रॅनाडाची 'द ज्युएल इन द क्राउन' सर्वांत गाजली. १९८४, चौदा भाग, पॉल स्कॉटच्या चार कादंबऱ्यांवर. मी ती दोनदा पाहिली. त्यातला हरी कुमार मला विसरता येत नाही: इंग्लंडमध्ये वाढलेला, शुद्ध इंग्रजी बोलणारा, आणि हिंदुस्थानात परतल्यावर आजूबाजूची कुठलीच भाषा न येणारा तरुण. मालिका त्याचे दुःख ओळखते. पण मालिकेला स्वतःलाही इंग्रजीखेरीज दुसऱ्या भाषेत फारसे बोलता येत नाही, हे तिच्या लक्षात येत नाही. साऱ्या हिंदुस्थानचा व्यवहार इंग्रजीत चालतो. भाषांचा फरक उरतो तो उच्चारांत. सलमान रश्दींनी त्याच वर्षी या राज-प्रेमी लाटेवर कडक निबंध लिहिला होता. त्यांचा रोख सत्तेवर होता. माझा प्रश्न त्याहून साधा आहे. एका रंगमंचावर चार-पाच भाषा एकत्र नांदू शकतात की नाही?

याचे उत्तर तंजावरला तीनशे वर्षांपूर्वी देऊन झालेले आहे.

व्यंकोजीराजांचे पुत्र शहाजी १६८४ ते १७१२ या काळात तंजावरच्या गादीवर होते. त्यांच्या 'पंचभाषाविलास' नाटकात संस्कृत, तमिळ, तेलुगू, मराठी आणि हिंदी या पाच भाषा येतात. वेगवेगळ्या मुलखांतल्या राजकन्या आपापल्या भाषेत बोलतात, आणि कुणीही थांबून भाषांतर करत नाही. याचा अर्थ समोर बसलेल्या दरबाराला पाचही भाषा थोड्याफार कळत असणार. राजांनी तेलुगूत 'पल्लकी सेवा प्रबंध' लिहिले, हिंदीत 'राधा बनसीधर विलास' आणि 'विश्वातीत विलास' लिहिले, आणि मराठीत 'लक्ष्मीनारायण कल्याण'. शेवटचे १६९० च्या सुमाराचे मानतात. तेव्हा पहिले मराठी नाटक हे की विष्णुदास भाव्यांचे 'सीतास्वयंवर', असा वाद अधूनमधून पेटतो. भाव्यांचा प्रयोग सांगलीला ५ नोव्हेंबर १८४३ रोजी झाला आणि त्याच दिवशी मराठी रंगभूमी दिन साजरा होतो. मला विचाराल तर या वादात मला फारसा रस नाही. भाव्यांनी तंजावरचे काही पाहिले नव्हते. त्यांच्यापुढे नमुना होता तो कर्नाटकातून सांगलीला आलेल्या भागवत मंडळींच्या खेळाचा. आमची नाटके ही वेगळ्याच झाडाची फांदी आहे, जिला पुढे पालवी फुटली नाही. अभिमानाने नव्हे, पण हळहळ वाटून सांगतो: फांदी मात्र चांगली मोठी होती. शहाजींनंतरच्या राजांनीही लिहिले. १७३९ ते १७६३ राज्य केलेल्या प्रतापसिंहांच्या नावावर तर मराठी नाटकांची रांगच आहे. गाणी कर्नाटक रागांत, त्यांना 'दरू' म्हणायचे, भाषा मराठी, गोष्ट पुराणातली, नाचणाऱ्या बहुधा तमिळ आणि तेलुगू घरांतल्या.

पुण्याहून आलेल्या एका विद्वान गृहस्थांनी ही पोथी वाचून मला म्हटले होते, "तुमचं मराठी फार जुनं आहे हो." मी म्हटले, "जुनं नाही, दूरचं आहे." ते हसले, पण मी गंभीरपणेच म्हटले होते.

आता मूळ मुद्द्यावर येतो, म्हणजे सरफोजीराजांवर. हे दुसरे सरफोजी, जन्म १७७७ चा. तुळजाजीराजांनी १७८७ मध्ये त्यांना दत्तक घेतले आणि त्याच साली राजे गेले. काका अमरसिंह गादीवर बसले. मुलाचा सांभाळ जर्मन मिशनरी श्वार्ट्झ यांच्याकडे आला; पुढे सुरक्षिततेसाठी त्याला मद्रासला ठेवून शिक्षण दिले गेले. १७९८ मध्ये कंपनीने त्यांना गादी दिली आणि १७९९ च्या तहाने राज्यकारभार काढून घेतला. हाती राहिला किल्ला, आसपासचा परिसर, नेमणूक आणि वसुलाचा पाचवा हिस्सा. एकवीस-बावीस वर्षांचा, चार-पाच भाषा जाणणारा राजा, ज्याला राज्य करायचे नाही. त्याने पुस्तके जमवली. आज त्यांच्याच नावाने चालणाऱ्या सरस्वती महाल ग्रंथालयात युरोपीय भाषांतली हजारो छापील पुस्तके त्यांच्या काळातली आहेत. मराठी हस्तलिखितेच तीन हजारांच्या आसपास. १८०५ च्या सुमारास त्यांनी देवनागरी छापखाना काढला आणि इसापच्या गोष्टी मराठीत 'बालबोधमुक्तावली' म्हणून छापल्या. नेपोलियनच्या पराभवानिमित्त समुद्रकाठी मनोरा बांधला. तो विजय ब्रिटिशांचा. मनोरा आमच्या खर्चाने. श्वार्ट्झसाहेबांच्या स्मरणार्थ त्यांनी लंडनच्या फ्लॅक्समनकडून संगमरवरी शिल्प करवून घेतले, ते किल्ल्यातल्या चर्चमध्ये आहे: मरणशय्येवर गुरू आणि शेजारी उभा असलेला पगडीधारी शिष्य. गुरूंना राजे मिशनरी म्हणून मानत असले तरी स्वतः अखेरपर्यंत हिंदूच राहिले, आणि १८२० ते १८२२ मध्ये मोठा लवाजमा घेऊन काशीयात्रा करून आले.

या राजांच्या नावावर 'देवेंद्र कुरवंजी' नावाचे मराठी नाटक आहे. मी ते प्रथम वाचले तेव्हा विश्वास बसेना. सरस्वती महालाने ते छापलेले आहे, इच्छुकांनी अवश्य पाहावे.

कुरवंजी हा तमिळ देशातला जुना खेळ. साचा ठरलेला. नायक देव किंवा राजा, मिरवणुकीत निघतो. नायिका त्याला पाहते आणि विरहाने तळमळते, चंद्राला दोष देते, सखीकडून निरोप धाडते. मग डोंगरातली कुरवर जातीची बाई येते, हातात काठी, कडेवर टोपली. ही भविष्य सांगते. पण हात पाहण्याआधी आपण कुठून आलो, आपला डोंगर कसा, कोणकोणते देश पाहिले हे ती ऐटीत गाऊन सांगते, कारण भटकलेली बाईच खरे सांगू शकते असा समज आहे. मग ती नायिकेचा हात पाहते, तुला तो मिळेल म्हणते, दक्षिणा घेते. शेवटी तिचा नवरा सिंगन तिला शोधत येतो आणि दोघांचे खटकेबाज भांडण होते. 'कुट्राल कुरवंजी' ही त्यातली सर्वांत प्रसिद्ध. खुद्द सरफोजींना नायक करून तमिळमध्ये 'शरभेंद्र भूपाल कुरवंजी' रचली गेली आणि ती मोठ्या देवळात देवदासी नाचत.

सरफोजींनी हा साचा घेतला, मराठीत आणला, नायक केला इंद्र, नायिका इंद्राणी. आणि कुरवंजीच्या तोंडी, जिथे ती पाहिलेले देश सांगते त्या जागी, जगाचा भूगोल घातला. पृथ्वीवरची खंडे, देश, समुद्र, युरोपीय पुस्तकांतून राजांनी शिकलेले सारे, गाण्यांत. डोंगरातली एक अशिक्षित बाई स्वर्गाच्या राणीला सांगते की जग असे आहे. आणि ते ऐकणारी आहे इंद्राणी, म्हणजे मेरू पर्वत, जंबुद्वीप आणि दुधा-दह्याच्या समुद्रांच्या जुन्या भूगोलात जिचे घर आहे ती. तिलाच नवा भूगोल ऐकवायचा, आणि तो पंडिताकडून नव्हे, मास्तरांकडूनही नव्हे. मला यात राजांची खोड दिसते. कुणाला न दुखावता मोठी गोष्ट सांगायची तर ती खेळातल्या बाईला सांगू द्यावी.

हे त्यांना एकट्याला सुचले असेही नाही. श्वार्ट्झ यांचे दुसरे शिष्य, तंजावरचे तमिळ ख्रिस्ती कवी वेदनायक शास्त्री, सरफोजींचे बालपणीचे सोबती. त्यांनी १८०० च्या सुमारास 'बेत्लेहेम कुरवंजी' रचली आणि तिच्यात कोपर्निकसचे खगोलशास्त्रही घातले. दोन मित्र, एक ख्रिस्ती आणि एक हिंदू, एक तमिळमध्ये आणि एक मराठीत, त्याच डोंगरी बाईच्या टोपलीत युरोपचे विज्ञान ठेवतात. दोघांपैकी कुणी कुणाचे पाहिले यावर अभ्यासकांनी बोलावे. मला त्या दोघांच्या गप्पा ऐकायला आवडल्या असत्या.

म्हणून मायकेल वुड टेलिव्हिजनवर दिसला की मला तो कुरवंजी वाटतो. टोपली तेवढी नाही. त्याची 'द स्टोरी ऑफ इंडिया' बीबीसीने २००७ मध्ये दाखवली, सहा भागांत. गुप्त आणि चोळ यांच्या 'सुवर्णयुगां'च्या भागात आमचे मोठे देऊळ येते. माणूस तमिळ देशावर खरे प्रेम करणारा आहे, ते लपत नाही. एका वाक्याला एका गावात, पुढच्या वाक्याला हजार मैल दूर. ॲटनबरोही तेच करतात: वाक्य एका खंडात सुरू होते आणि दुसऱ्या खंडात संपते. मी हे पाहिले, मी तिथे उभा होतो, म्हणून माझे ऐका, हाच कुरवंजीचा दावा. माहिती देणे, शिकवणे आणि रमवणे ही बीबीसीची तीन कामे म्हणून रीथसाहेबांच्या नावाने सांगतात. आमच्या राजांना ती तीनही एकाच पात्रात बसवता आली होती.

फरक पैशाच्या वाटेत आहे. तिकडे घरटी परवाना शुल्क, त्यामुळे एका संध्याकाळी विनोदी मालिका, दुसऱ्या संध्याकाळी बेघरांचे नाटक, तिसऱ्या संध्याकाळी बेडकांचे आयुष्य, असे निवडण्याची मुभा. इकडे एकच खजिना, तोही पेन्शनीचा. सरफोजी १८३२ मध्ये गेले. त्यांचे पुत्र शिवाजी १८५५ मध्ये निपुत्रिक वारले आणि कंपनीने गादीच खालसा केली. नाटक करायला सांगणारा राहिला नाही, तेव्हा नाटक थांबले. पोथ्या राहिल्या, १९१८ मध्ये ग्रंथालय सर्वांना खुले झाले, मोडीतले दरबारी कागद पुढे तमिळ विद्यापीठाने तमिळमध्ये आणायला घेतले. मराठी नाटकांचे शब्द आहेत, रागांची नावे आहेत. ती बाई चालत कशी असे, भूगोल सांगताना लोक हसत की जांभया देत, हे काहीच उरलेले नाही.

यात मला मोठे समाधान वाटेल असे एक सत्य पुढे कळले, आणि समाधान वाटल्याची लाजही वाटली. बीबीसीने १९६० आणि ७० च्या दशकांत आपल्याच फिती पुसल्या. चित्रफीत महाग, कपाटात जागा नाही, पुन्हा दाखवायचे हक्क नाहीत; तेव्हा जुने पुसून त्यावर नवे घ्यायचे. १९६३ च्या 'मॅडहाउस ऑन कॅसल स्ट्रीट' या नाटकात तरुण बॉब डिलन होता, ते गेले. नायजेल नीलचे 'द रोड' गेले. 'डॉक्टर हू'चे नव्वदहून अधिक भाग आजही सापडत नाहीत. काहींच्या संहिता आहेत, छायाचित्रे आहेत, घरी टेपरेकॉर्डर लावून कुणा मुलाने उतरवलेला आवाज आहे. लाखो लोकांनी पाहिलेली गोष्ट, आणि उरलेली शब्दांत. म्हणजे आमच्यासारखीच.

मी हे पुतणीला फोनवर सांगितले तेव्हा ती म्हणाली, "काका, मग तुम्हीच करा की कुरवंजी." माझ्या घरात मराठी बोलणारे आता दोघे, मी आणि बायको. मुलाला कळते, सुनेला नाही. नात तमिळ आणि इंग्रजीत वाढते. मला 'ताता' म्हणते. कुरवंजी करण्याइतकी माणसे मिळणे नव्हते. पण नातीने दुसरेच काढले. तिला त्या तबकडीची गोष्ट ठाऊक होती. तिने ठरवले की भिंतीवरचा अख्खा लेख ती फोनवर घेणार, माझ्या आवाजात, एकही ओळ न गाळता.

शाळेच्या सुटीत आम्ही रोज सहाला जायचो. ऊन चढण्याआधी वाचून व्हायचे. दगड काही ठिकाणी झिजला आहे, तिथे मी छापील प्रत काढून पाहायचो आणि ती म्हणायची, "ताता, भिंतीवर जे दिसतं तेच वाचा, कागदातलं वेगळं सांगा." रखवालदार सुरुवातीला हटकायचा, मग त्याने आमच्यासाठी दोरी बाजूला करायला सुरुवात केली. तिला अर्थ फार थोडा कळत होता. व्यंकोजी, शहाजी ही नावे आली की ती मान हलवायची, कारण ती नावे तिला गोष्टीतून माहीत होती.

सातव्या दिवशी फोनची जागा संपली. तिने पायरीवर बसून आपली चित्रे एकेक पाहिली, मैत्रिणीचा वाढदिवस, एक मांजर, क्रिकेटचे काहीतरी. काय काढू असे तिने मला विचारले. मी म्हटले, काही काढू नको, आज घरी जाऊ, बापाकडून दुसरे कार्ड आणू. दुसऱ्या दिवशी आम्ही जिथे थांबलो होतो त्या ओळीपासून पुढे वाचले.